छेत्रीपर्यंत चेंडू नेणार कोण? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली.

सप्रेम नमस्कार.

भारताचा सर्वाधिक गोल करणारा सुनील छेत्री याने ६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर कुवेतविरुद्ध खेळून निरोप घेतला आणि वर्ष व्हायच्या आत, मार्च २०२५ मध्ये, त्याला परत बोलवावे लागले. तेव्हापासून आपल्याकडे एकच प्रश्न चघळला जातो: आता गोल कोण करणार? पत्रकार परिषदांत हाच, वाहिन्यांवर हाच आणि आमच्या पेठेतल्या कट्ट्यावरही हाच. मी हे पत्र लिहितो आहे ते त्याच्या आधीच्या प्रश्नासाठी. गोल करणाऱ्यापर्यंत चेंडू नेणार कोण? मधल्या फळीत खेळणारा भारतीय मुलगा कुठे घडतो, किती सामने खेळतो, कोणत्या वयात गळतो, याचा हिशेब महासंघात कुणी ठेवते का?

मी कोल्हापुरात मुलांना फुटबॉल शिकवतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, प्रॅक्टिस या इथल्या संघांच्या सामन्यांना होणारी गर्दी पाहतच लहानाचा मोठा झालो. या शहराला फुटबॉलचे वेड लावायला महासंघाची गरज कधी पडली नाही आणि पडणारही नाही. पण वेडातून खेळाडू तयार होतो तो एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढची जी वाट आहे ती तुमच्या हातात आहे, म्हणून तुम्हाला लिहितो.

मधल्या जागेवरचा खेळाडू उशिरा पिकतो, हे आधी ध्यानात घ्या. पायात वेग असला की आघाडीचा मुलगा सतराव्या-अठराव्या वर्षी चमकून जातो. मिडफिल्डरला मात्र चारही बाजूंनी माणसे असतात. पास आपल्याकडे निघण्याआधीच त्याला मान वळवून मागे बघावे लागते, एकदा उजव्या खांद्यावरून, एकदा डाव्या. अंग अर्धे वळलेले ठेवायचे, चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे पहिल्याच टचला तोंड समोरच्या गोलकडे होते. जवळच्या पायावर घेतला की पाठ अडकते आणि मग चेंडू मागे देण्यावाचून गत्यंतर नसते. हे मी फळ्यावर काढून दाखवू शकतो, शंकू मांडून घोटून घेऊ शकतो. पण मागून धावत येणारा माणूस किती पावलांवर आहे, हे त्या मुलाला सामन्यातच कळते, आणि तेही चुकत चुकत. क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच याला बॅलन डी’ऑर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, मिळाला तो २०१८ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. इतकी वर्षे त्याला खेळायला मिळाले, म्हणून तो तिथे पोहोचला.

आपल्याकडे हे कधीच झाले नाही असे मी म्हणणार नाही. गोव्याने ते करून दाखवले आहे. क्लायमॅक्स लॉरेन्सची कारकीर्द घ्या. बचावासमोर उभा राहणारा, चेंडू हिसकावून सोप्यात सोपा पास देणारा खेळाडू. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली गोव्याच्या डेम्पो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात राष्ट्रीय लीगची पाच विजेतेपदे मिळवली. क्लायमॅक्स, क्लिफर्ड मिरांडा, अँथनी परेरा ही मंडळी वर्षानुवर्षे तिथे एकत्र खेळत राहिली. बेटोसारखा ब्राझीलचा माणूसही त्यांच्या जोडीला होता, तरी गोव्याच्या मुलांची जागा हलली नाही. एकमेकांच्या हालचाली अंगवळणी पडायला अशी वर्षे लागतात. २००८ च्या एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) चॅलेंज चषकात हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध सामना शून्य-शून्य संपणार असे वाटत असताना भरपाईच्या वेळेत गोल केला तो याच क्लायमॅक्सने. पुढे अंतिम सामन्यात छेत्रीने ताजिकिस्तानविरुद्ध तीन गोल केले, आपण ४-१ ने जिंकलो आणि १९८४ नंतर प्रथमच आशियाई चषकाला, २०११ मध्ये दोह्याला गेलो. छेत्रीची हॅट्ट्रिक सगळ्यांना पाठ आहे. आधीचा तो एक गोल नसता, तर त्या हॅट्ट्रिकपर्यंत गाडी पोहोचली असती की नाही याची मला खात्री नाही.

आज तोच डेम्पो कुठे आहे? २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या पुढच्या रूपातून, बाहेर पडले. महासंघाच्या नव्या आराखड्यात त्यांची लीग दुय्यम ठरणार होती आणि ते त्यांना मान्य नव्हते. डेम्पो पुढे कष्टाने परत आला. पण मधल्या काळात ज्या मुलांचे सतरा ते बावीस हे वय निघून गेले, ते वय काही परत आले नाही.

आमच्या महाराष्ट्राची कथा तर याहून वाईट. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद पडला. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला, डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी २०१७ मध्ये, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. स्टीव्हन डायस हा मुंबईचा पोरगा, उजवीकडचा मिडफिल्डर, भारताकडून आशियाई चषक खेळलेला. महिंद्र बंद झाला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, म्हणजे मिडफिल्डरच्या उमेदीची वर्षे जेमतेम सुरू झालेली. तो चांगला होता म्हणून त्याला दुसरीकडे जागा मिळाली. त्याच्या मागे राखीव बाकावर बसलेल्यांचे काय झाले असेल? मैदानावर भेटणारी जुनी माणसे सांगतात: कुणी बँकेत चिकटला, कुणी रेल्वेत, कुणाचे गुडघे गेले. क्लब चालवणे महाग आहे, मालकाला परवडले नाही तर तो बंद करणार, हे मला समजते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण क्लब बंद झाला की करारातल्या खेळाडूचा पगार, त्याचे उपचार आणि पुढच्या हंगामातली जागा याची हमी कुणी घ्यायची, याचे उत्तर इतक्या वर्षांत महासंघाने शोधायला नको होते का?

लेनी रॉड्रिग्जचे नाव मी मुद्दाम घेतो, कारण त्याच्यावर फारसे कुणी लिहिले नाही. चर्चिल ब्रदर्सबरोबर आय-लीग, मग पुणे, मोहन बागान, बेंगळुरू आणि २०१८ पासून एफसी गोवा. तिथे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरांच्या संघात एका बाजूला मोरोक्कोचा अहमद जाहू, दुसऱ्या बाजूला स्पेनचा एदू बेदिया, आणि त्यांच्यामध्ये तिशी ओलांडलेला लेनी. चेंडू त्याच्याकडे आला की दोन टचमध्ये निघून जायचा. टीव्हीवर पुन्हा दाखवावे असे त्यात काही नसायचे. तो कुठे उभा राहतो ते बघा, असे मी मुलांना सांगायचो, कारण जाहू आणि बेदिया मोकळेपणी पुढे जायचे ते लेनीने मागची जागा धरून ठेवलेली असायची म्हणून. २०१९-२० चे पहिले लीग शिल्ड, म्हणजे साखळीत अव्वल येणाऱ्याचा मान, गोव्याने जिंकले आणि २०२१ मध्ये एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. तिथे पोहोचेपर्यंत लेनी कोलकात्याला गेला होता. त्याच्या बदल्यात आलेला ग्लॅन मार्टिन्स मडगावच्या फातोर्डा मैदानावर, लॉरां ब्लां प्रशिक्षक असलेल्या कतारच्या अल-रय्यानविरुद्ध खेळला आणि सामना ०-० सुटला. आशियाच्या नियमांमुळे त्या स्पर्धेत मैदानावर परदेशी खेळाडू कमी होते आणि ग्लॅन, ब्रँडन फर्नांडिस या भारतीय मिडफिल्डरांवर जबाबदारी आपोआप आली. ती त्यांनी पेलली.

इथे काही जण म्हणतील की मग परदेशी खेळाडू बंदच करा. माझे मत तसे नाही. जाहू, बेदिया, बुमूस, बोर्हा फर्नांडेझ यांच्यासोबत रोज सराव करून आपली मुले शिकलीच आहेत. आमच्या पेठांतले संघसुद्धा बाहेरून खेळाडू आणतात, तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवायचा आम्हाला अधिकार नाही. दुखणे वेगळेच आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हा एका संघात एकावेळी सहा परदेशी खेळू शकत. २०१७ मध्ये ते पाच झाले, २०२१ पासून चार. आकडा खाली आला हे चांगलेच झाले. पण जे चार उरले ते कुठे खेळतात? प्रत्येक मालकाला पैसे खर्चून मधला कणाच विकत घ्यायचा असतो: एक सेंटर बॅक, एक-दोन मिडफिल्डर, एक स्ट्रायकर. भारतीय मुलाच्या वाट्याला उरतात दोन्ही कडा. माझ्याकडून शिकून गेलेल्या एका गुणी मुलाला एका क्लबच्या चाचणीत दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आले की तुझी दृष्टी चांगली आहे, पण मध्ये आम्ही बाहेरचा माणूस खेळवणार, तू लेफ्ट बॅक म्हणून तयारी कर. पोराने केली. आज तो बरा लेफ्ट बॅक आहे. पण चौदाव्या वर्षी दोन माणसांमधून चेंडू सरकवायची जी नजर त्याच्याकडे होती ती कडेच्या रेषेला लागून खेळताना कामालाच आली नाही, आणि हळूहळू गेली.

अमुक जागेवर भारतीयच खेळवा असा नियम करता येत नाही, हे मलाही कळते. म्हणून तर महासंघाचा स्वतःचा संघ हवा होता. तो होता! इंडियन अॅरोज. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकानंतर तुम्ही तो पुन्हा उभा केला आणि मुलांना थेट आय-लीगमध्ये मोठ्या माणसांसमोर उतरवले. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर उडी मारून फिफा विश्वचषकातला भारताचा पहिला आणि आजवरचा एकमेव गोल करणारा जीक्सन सिंग त्या संघात होता. सुरेश वांगजम होता. अमरजीत होता. मिझोरामचा लालेंगमाविया, म्हणजे आपुईया, होता. आमचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव आघाडीला होता. हरायचे ते, बऱ्याच वेळा हरायचे. पण जीक्सन, सुरेश आणि आपुईया तिघेही पुढे भारताच्या मुख्य संघात मधल्या फळीत खेळले. एकाच छोट्या संघाने तीन आंतरराष्ट्रीय मिडफिल्डर दिले. असे दुसरे उदाहरण आपल्या देशात मला तरी दिसत नाही. कारण उघड होते: तिथे मध्ये खेळायला दुसरे कुणी नव्हतेच, चुकले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच मुले.

आणि २०२२ मध्ये तुम्ही तो संघ मोडला. त्याऐवजी युवा लीगवर भर देऊ असे सांगितले गेले. युवा लीग हवीच, तिला माझा विरोध नाही. पण समवयस्कांविरुद्ध खेळणे आणि तिशीतल्या मुरलेल्या मिडफिल्डरचा खांदा लागून जमिनीवर आपटणे, यात फरक आहे. पहिल्याने खेळाडू तयार होतो, दुसऱ्याने तो टिकतो. हा निर्णय चुकला, असे मी स्पष्टपणे म्हणतो. तो बदलणे अजूनही तुमच्या हातात आहे.

मधल्या फळीची ही उणीव मैदानावर जुनीच दिसते. ५ सप्टेंबर २०१९, गुवाहाटी, ओमानविरुद्ध विश्वचषकाचा पात्रता सामना. चोविसाव्या मिनिटाला फ्री किक मिळाली. सगळ्यांना वाटले चेंडू उंच जाणार. ब्रँडन फर्नांडिसने तो जमिनीलगत सोडला, छेत्री गर्दीतून सुटून नेमका तिथे आला आणि गोल. मडगावच्या मुलाचे डोके आणि छेत्रीचा पाय! जवळजवळ तासभर आपण ती आघाडी धरली. शेवटच्या टप्प्यात मात्र मध्ये चेंडू थांबेनासा झाला. हिसकावला की लांब मारायचा, आणि तोच चेंडू परत अंगावर यायचा. ब्याऐंशीव्या मिनिटाला एक, नव्वदाव्याला दुसरा, आणि सामना गेला. पुढच्याच महिन्यात सॉल्ट लेकवर बांगलादेशने आघाडी घेतली, तेव्हाही ब्रँडनच्याच कॉर्नरवर आदिल खानने डोक्याने बरोबरी साधून दिली. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला फातोर्ड्यावर सिंगापूरविरुद्ध आपल्या छांगतेने लांबून सुरेख गोल करूनही आपण १-२ ने हरलो, २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. आघाडी घेतली, पण चेंडू ताब्यात ठेवून सामना आपल्या चालीने संपवता आला नाही. सहा वर्षांत दुखणे तेच राहिले. प्रशिक्षक मात्र बदलले.

आता सामन्यांबद्दल. युरोपात खेळाडू जादा सामन्यांविरुद्ध बोलतात, आणि ते बरोबरच आहे. बार्सिलोनाचा पेद्री २०२०-२१ मध्ये, अठराव्या वर्षी, क्लब आणि देश मिळून ७३ सामने खेळला आणि पुढे मांडीच्या स्नायूने त्याला सतत सतावले. आपल्या पोरांचे नेमके उलटे आहे. आयएसएलच्या पहिल्या हंगामात साखळीत संघाला १४ सामने होते. पुढे संघ वाढत गेले आणि २०२४-२५ मध्ये ते २४ वर आले. वाटले, आता गाडी रुळावर आली. आणि २०२५ च्या जुलैमध्ये लीगच थांबली, कारण व्यावसायिक हक्कांचा पंधरा वर्षांचा करार डिसेंबरमध्ये संपणार होता आणि पुढचे काहीच ठरले नव्हते. निविदा काढली तर एकही बोली आली नाही. काही क्लबांनी पगार रोखले, काहींनी सराव बंद केला. मुंबई सिटीमधून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. देशाच्या संघातल्या खेळाडूंवर चित्रफीत काढून फिफाला साकडे घालायची वेळ आली. अखेर १४ फेब्रुवारी २०२६ ला हंगाम सुरू झाला, तोही एकेरी फेरीचा.

करार कधी संपणार हे पंधरा वर्षे सगळ्यांना ठाऊक होते. याबद्दल मला मनापासून राग आहे आणि तो मी लपवत नाही. आघाडीच्या नावाजलेल्या खेळाडूला सहा महिने गेले तरी त्याचा करार टिकतो. पण विशीतला मिडफिल्डर, ज्याला आत्ता कुठे दर आठवड्याला खेळायला मिळू लागले होते, त्याच्या हातून गेलेला अर्धा हंगाम कोणत्या सराव शिबिरात भरून निघणार?

वेळापत्रकाखालोखाल मैदाने, आणि याच्याबद्दल दिल्लीत कधी चर्चा झालेली ऐकली नाही. आमच्याकडची बहुतेक पोरे मुरमाच्या, उन्हाने टणक झालेल्या मैदानावर शिकतात. तिथे जमिनीवरून दिलेला पास नीट येतच नाही. मध्येच उसळतो, नडगीवर आदळतो. मुलगा अर्धवट वळून चेंडू घ्यायला जातो आणि चेंडू निसटतो. दोनदा निसटला की कडेने आरडाओरडा सुरू होतो, “खेळू नको, मार पुढं!” मग तो मारतो. चेंडू त्याच्या डोक्यावरून ये-जा करत राहतो आणि मधला खेळाडू सामनाभर आकाशाकडे बघत पळतो. पावसाळ्यात चिखल, त्यामुळे तेच. आपल्याकडचे फुटबॉल उंचावरून का खेळले जाते याची कारणे लोक उंचीत, ताकदीत, आहारात शोधतात. मला तर ते आधी पायाखाली दिसते. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक मैदान असे हवे, जिथे हिरवळीवर पाणी मारलेले असेल आणि बारा वर्षांच्या पोराचा पास सरळ जाईल. यासाठी राज्य संघटना, महापालिका आणि क्रीडा खाते यांना एका टेबलाशी बसवायचे काम महासंघच करू शकतो.

सध्याचे राष्ट्रीय प्रशिक्षक खालिद जमील स्वतः मुंबईत मिडफिल्डर म्हणून खेळले, मुंबई एफसीला त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले आणि आयझॉलला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली. तुटपुंज्या साधनांत संघ कसा बांधायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही. त्यांच्याकडे तयार मिडफिल्डर मागण्याआधी, तो तयार होण्यासाठी खाली काय हवे, हे त्यांनाच विचारा आणि लेखी घ्या. क्लायमॅक्स, लेनी, स्टीव्हन, मणिपूरचा रेनेडी सिंग यांनाही बोलवा. या मंडळींनी मध्ये उभे राहून दहा-पंधरा वर्षे काढली आहेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. अॅरोजसारखा संघ दुसऱ्या स्तराच्या लीगमध्ये परत उतरवा, आणि तो एका विश्वचषकापुरता ठेवू नका. क्लब बंद पडला किंवा लीग थांबली तर खेळाडूंचे ठरावीक महिन्यांचे वेतन आणि दुखापतीचा खर्च भागेल असा निधी क्लबांच्या परवाना शुल्कातून उभा करा. क्लबाकडून परवान्यासाठी कागद मागता, तेव्हा ही हमीही मागा. १९ वर्षांखालच्या मुलाला, तो कोल्हापूरचा असो, मडगावचा असो की इम्फाळचा, वर्षाला तीसेक चुरशीचे सामने मिळतील अशी आखणी करा. आणि पुढच्या हंगामाचे वेळापत्रक जाहीर कराल तेव्हा या मुलांच्या सामन्यांच्या तारखा त्याच कागदावर छापा, म्हणजे आमच्यासारख्या प्रशिक्षकांना परीक्षा, प्रवास आणि सराव यांचा मेळ आतापासून घालता येईल.

आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मुलांचा एक फुटबॉल प्रशिक्षक,
कोल्हापूर